मानवजातीचा उपकारकर्ता : निकोलस आपेर

इस्राएल लोक रानांतून प्रवास करीत असतां त्यांस रोज सकाळीं मान्ना मिळे, व तो उद्यांकरितां ठेवूं गेल्यास त्यांत किडे पडून दुर्गंधि सुटे, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत सांठविलेलें धान्य दुष्काळाच्या सात वर्षांत लोकांच्या उपयोगीं पडलें, हीही कथा त्यांनीं ऐकिली आहे. या दोन कथांच्या मध्यें मनुष्याची एक फार जुनी चिंता उभी आहे. कोरडें धान्य कोठारांत टिकतें. परंतु फळ, भाजी, दूध, मांस इत्यादि ओले पदार्थ एकदोन दिवसांतच नासूं लागतात. ते टिकविण्यासाठीं माणसानें ऊन, धूर, मीठ, साखर, तेल व आंबट रस यांचें साहाय्य घेतलें. आपलीं लोणचीं, मुरांबे, सांडगे व खारविलेली मासळी हीं सर्व त्याच खटपटीचीं फळें होत. परंतु या उपायांनीं पदार्थ टिकला तरी त्याचें रूप व चव पालटते. वाटाणा वाटाण्यासारखाच राहावा आणि वर्षानंतरही कालच तोडल्यासारखा लागावा, अशी युक्ति हजारों वर्षें कोणास साधली नव्हती. ती ज्यानें साधिली, तो कोणी विद्यापीठांतील पंडित नव्हता. तो स्वयंपाकघरांत वाढलेला एक मिठाईवाला होता. त्याचें नांव निकोलस आपेर. त्याचेंच चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

फ्रान्स देशाच्या ईशान्य भागांत शांपेन नांवाचा जुना प्रांत आहे. तेथें मार्न नदीच्या कांठीं शालों नांवाच्या नगरांत ता. १७ नोव्हेंबर १७४९ रोजीं निकोलसचा जन्म झाला. त्याचा पिता तेथें उतारूंसाठीं खाणावळ चालवीत असे. कुटुंब मोठें होतें, आणि घरचा धंदा असा कीं, मुलांस चालूं लागल्यापासूनच कामाला हात लावावा लागे. शाळेंतील शिक्षण निकोलसला फारसें लाभलें नाहीं. परंतु चुली, कढया, तळघरांतील पिंपें, द्राक्षरसाच्या बाटल्या व त्यांचीं बुचें यांच्याच सहवासांत त्याचें बालपण गेलें. त्या प्रांतांतील द्राक्षमद्य जगप्रसिद्ध आहे. तें बाटलींत आंबत असतां त्यांतील वायूचा दाब इतका वाढतो कीं, साधी बाटली फुटून जाते. म्हणून तेथील बाटल्या जाड कांचेच्या करितात व बुचें तारेनें किंवा दोरीनें आंवळतात. हें जें त्या मुलानें रोज डोळ्यांनीं पाहिलें, तेंच पुढें पन्नाशीच्या वयांत त्याच्या कामीं आलें.

तरुणपणीं त्यानें प्रथम आपल्या भावांबरोबर यवाचें मद्य गाळण्याचा धंदा केला. नंतर इ. स. १७७२ च्या सुमारास तो झ्वायब्रुकेन येथील जर्मन राजे चौथे ख्रिश्चन यांच्या मुदपाकखान्यांत चाकरीस लागला. १७७५ सालीं ते राजे वारल्यावर त्यांची विधवा, फॉर्बाखची सरदारीण, हिच्या पदरीं तो राहिला व मुख्य आचाऱ्याच्या पदास चढला. मोठ्यांच्या घरीं ऋतु नसतांही अमुक फळ हवें, तमुक भाजी हवी, अशी मागणी नित्य होई. ती पुरवितांना पदार्थ टिकविण्याच्या सर्व जुन्या रीती त्यास करून पाहाव्या लागल्या, आणि त्यांतील उणीवही त्यास कळून चुकली.

१७८४ सालीं तो पॅरिस शहरीं आला व लोंबार नांवाच्या रस्त्यावर त्यानें मिठाईचें दुकान घातलें. पुढील वर्षीं त्याचा विवाह झाला. साखरेंत शिजविलेलीं फळें, पाक व गोड पेयें यांकरितां त्याच्या दुकानाची ख्याति होऊं लागली. इतक्यांत १७८९ सालीं फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. आपेर स्वभावानें उत्साही होता. आपल्या पेठेच्या सभेंत तो हिरिरीनें भाग घेऊं लागला. परंतु क्रांतीच्या वावटळींत आज जो मानाचा धनी, तो उद्यां कैदी, अशी स्थिति होती. १७९४ सालीं त्यास पकडून तुरुंगांत टाकण्यांत आलें. त्या दिवसांत तुरुंगाच्या दारांतून वधस्तंभाकडे जाणारांची संख्या थोडी नव्हती. आपेर सुमारें तीन महिन्यांनीं जिवंत बाहेर पडला. त्यानंतर राजकारणाच्या कोलाहलांतून त्यानें बहुतेक अंग काढून घेतलें, आणि १७९५ च्या सुमारास पॅरिसजवळील इव्री या गांवीं राहावयास जाऊन आपल्या प्रयोगांस सर्वस्वीं वाहून घेतलें.

या प्रयोगांविषयीं एक गोष्ट वारंवार छापली जाते. ती अशी कीं, १७९५ सालीं नेपोलियन बादशहानें सैन्याच्या अन्नासाठीं मोठें बक्षीस जाहीर केलें व त्या लोभानें आपेरनें हा शोध लाविला. विद्यार्थ्यांनीं इतिहासाचे सन ताडून पाहावे. १७९५ सालीं नेपोलियन बादशहा तर नव्हताच, पण राज्याचा प्रमुखही नव्हता. तो एक तरुण सेनापति होता. सत्ता त्याच्या हातीं १७९९ च्या अखेरीस आली व बादशाही मुकुट १८०४ सालीं. आपेरला सरकारी पैसा मिळाला हें खरें. परंतु तो शोध पुरा होऊन त्याची परीक्षा झाल्यानंतर, आणि एका विशेष अटीवर मिळाला. ती अट कोणती व ती त्यानें कां पत्करिली, हेंच या चरित्राचें मर्म आहे. तें पुढें येईलच.

आपेरची रीति ऐकावयास अगदीं सोपी आहे. पदार्थ कांचेच्या बाटलींत किंवा बरणींत भरावा. तिचें तोंड होईल तितक्या काळजीनें बंद करावें. ती बाटली पाण्याच्या कढईंत ठेवून ठराविक वेळ उकळावी. आणि वेळ पुरा होतांच कढईखालचा विस्तव काढून ती निवूं द्यावी. एवढेंच. परंतु या चार वाक्यांमागें अनेक वर्षांचे श्रम आहेत. पहिली अडचण कांचेची. साधी बाटली उकळत्या पाण्यांत तडकते. म्हणून त्यानें आपल्या जन्मप्रांतांतील जाड बाटलीचा नमुना घेऊन रुंद तोंडाच्या बाटल्या मुद्दाम करवून घेतल्या. दुसरी अडचण बुचाची. बुचाला भोकें असलीं कीं सर्व श्रम फुकट. यास्तव तो उत्तम प्रतीचें बूच निवडून, तें दाबून मऊ करून, मोगरीनें ठोकून बसवी व वरून तारेचे वेढे देऊन आंवळी. मोठ्या बरणीसाठीं एवढें मोठें निर्दोष बूच मिळेना. तेव्हां बुचाचे अनेक तुकडे माशाच्या सरसानें असे चिकटविले कीं, त्यांचीं भोकें आडवीं पडावीं व हवेला वाट मिळूं नये. त्यावर चुनकळी व लोणी काढून घेतलेल्या दुधाचें चीज यांचा लेप दिला. प्रत्येक बाटली तो कापडाच्या पिशवींत घाली. कारण उकळतांना बाटल्या एकमेकींवर आपटूं नयेत, आणि एखादी फुटलीच तर तिचे तुकडे पिशवींतच राहावेत.

तिसरी व सर्वांत मोठी अडचण वेळेची होती. पदार्थ कमी उकळला तर नासतो. फार उकळला तर त्याचा लगदा होतो. प्रत्येक पदार्थाचा वेळ वेगळा, आणि तो सांगणारें पुस्तक जगांत कोठेंच नव्हतें. आपेरनें तो एकेक पदार्थ घेऊन, पुनः पुनः करून, महिन्यामहिन्यांनीं बाटल्या फोडून ठरविला. हिरव्या वाटाण्याला थंड व ओलसर हवेच्या वर्षीं दीड तास, तर उष्ण व कोरड्या वर्षीं दोन तास, इतका बारीक भेद त्यानें लिहून ठेविला आहे. भाजी तोडल्यापासून बाटलींत बंद होईपर्यंत वेळ दवडूं नये, हा त्याचा दुसरा कटाक्ष होता.

या कटाक्षामुळेंच त्यानें पॅरिसच्या दक्षिणेस मासी या गांवीं जमीन घेऊन तेथें कारखाना काढिला. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं आरंभींची ही गोष्ट. शेतांत वाटाणा, घेवडा इत्यादि भाज्या लावावयाच्या, सकाळीं त्या तोडावयाच्या, आणि शेजारच्याच इमारतींत गांवांतील स्त्रियांच्या हातून निवडून, सोलून, त्याच दिवशीं बाटल्यांत बंद करावयाच्या, असा तेथील क्रम होता. बंद केलेलें अन्न तयार करणारा जगांतील पहिला कारखाना तो हाच. पॅरिसमधील श्रीमंत लोक ऐन हिंवाळ्यांत त्याचे हिरवे वाटाणे घेऊन खाऊं लागले, व खवय्यांच्या लेखांतून त्याची स्तुति येऊं लागली.

परंतु आपेरच्या मनांत श्रीमंतांचीं ताटें नव्हतीं; समुद्रावरील खलाशी होते. त्या काळीं लांबच्या सफरीवर खलाशांस महिनोंमहिने खारविलेलें मांस व कठीण बिस्किटें यांवर राहावें लागे. आजारी खलाशालाही ताजें सूप किंवा भाजी मिळण्याची सोय नसे. १८०३ सालीं ब्रेस्त बंदरांत फ्रेंच आरमारानें आपेरच्या बाटल्यांची परीक्षा घेतली. मांसाचा रस्सा, मांस, वाटाणे व घेवडा हे पदार्थ तीन महिने ठेवून उघडले, ते खाण्यास चांगले निघाले. शिवाय युद्धामुळें वसाहतींतून येणारी साखर फ्रान्सांत अत्यंत महाग झाली होती. आणि आपेरच्या रीतींत साखरेची गरजच नव्हती. असें असूनही १८०६ च्या औद्योगिक प्रदर्शनांत त्यास बक्षीस मिळालें नाहीं. नव्या गोष्टीला प्रथम उपेक्षाच सोसावी लागते, याचें हें एक उदाहरण. १८०९ सालीं मात्र राष्ट्रीय उद्योगोत्तेजक मंडळीनें आपल्या विद्वान् सभासदांकडून त्याच्या पदार्थांची तपासणी करविली व अनुकूल मत दिलें.

यानंतर आपेरच्या आयुष्यांतील निर्णायक प्रसंग आला. १८१० च्या आरंभीं सरकारनें त्यापुढें दोन मार्ग ठेविले. त्यानें आपल्या शोधाचें पेटंट घ्यावें, कृति स्वतःकडे ठेवावी व तिचा सर्व नफा एकट्यानें भोगावा. किंवा सरकाराकडून १२,००० फ्रँक घेऊन सर्व कृति छापून प्रसिद्ध करावी, आणि त्या पुस्तकाच्या २०० प्रती स्वतःच्या खर्चानें सरकारास द्याव्या. या वेळीं आपेरचें वय साठ वर्षांचें होतें. प्रयोगांत पदरचा पैसा ओतून तो कर्जाच्या कांठावर उभा होता. कारखाना चालू होता, गिऱ्हाइकें होतीं, आणि ही विद्या दुसऱ्या कोणासही ठाऊक नव्हती. व्यवहारी मनुष्यानें पहिला मार्ग धरिला असता, तर त्यास कोणी नांव ठेविलें नसतें. आपेरनें दुसरा मार्ग धरिला. त्याच वर्षीं त्याचें पुस्तक बाहेर पडलें. प्राणिज व वनस्पतिज असे सर्व पदार्थ अनेक वर्षें टिकविण्याची कला, असा त्याच्या नांवाचा अर्थ आहे. त्यांत मांस, मासे, दूध, साय, अंडीं, भाज्या, फळें, रस या सर्वांची कृति, बुचाची निवड, तार आंवळण्याची रीत, उकळण्याचा वेळ, सर्व कांहीं आडपडदा न ठेवितां सांगितलें आहे. पुढील आवृत्तीच्या नांवांत तर तें सर्व कुटुंबांचें पुस्तक म्हणून म्हटलें आहे. कारखानदारानें कारखानदारासाठीं नव्हे, तर प्रत्येक घरांतील गृहिणीसाठीं तें लिहिलें होतें. लवकरच जर्मन व इंग्रजी भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं, आणि १८१२ सालीं तें अमेरिकेंतही छापलें गेलें.

या औदार्याचें फळ त्यास काय मिळालें? पुस्तक निघाल्यावर थोड्याच महिन्यांनीं, ऑगस्ट १८१० मध्यें, लंडन येथें पीटर ड्युरँड नांवाच्या व्यापाऱ्यानें याच तत्त्वावर अन्न टिकविण्याचें इंग्रजी पेटंट घेतलें. त्यांत कांचेबरोबर कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्यांचाही समावेश होता. तें पेटंट ब्रायन डाँकिन इत्यादि गृहस्थांकडे गेलें, आणि १८१३ च्या सुमारास लंडनजवळ बर्मंडसी येथें पत्र्याच्या डब्यांत भरलेलें मांस तयार होऊन इंग्रजी आरमारास पुरविलें जाऊं लागलें. डबा फुटत नाहीं, जहाजावर रचावयास सोपा, वजनास हलका. म्हणून तो बाटलीच्या पुढें गेला. मात्र तो उघडावयाची सोय कोणी केली नव्हती! छिन्नी व हातोडा घेऊन तो फोडावा लागे. डबा उघडण्याचीं खास हत्यारें चाळीसपंचेचाळीस वर्षांनंतर निघालीं.

इकडे फ्रान्सावर संकट कोसळलें. नेपोलियनचा पाडाव होऊन १८१४ व १८१५ सालीं शत्रूंच्या फौजा देशांत शिरल्या. मासी येथील कारखाना सैनिकांच्या हातीं सांपडला. त्याचें रुग्णालय करण्यांत आलें, सामानसुमानाची नासधूस झाली, आणि आपेर पासष्टाव्या वर्षीं जवळजवळ निष्कांचन झाला. ज्या सैनिकांच्या व खलाशांच्या अन्नासाठीं त्यानें जन्म वेंचला, त्यांच्याच युद्धानें त्याचें घर धुवून नेलें!

येथें दुसरा कोणी असता तर त्यानें कपाळास हात लाविला असता. आपेर पॅरिसला परत आला. सरकारनें पुढें एका जुन्या संस्थेच्या इमारतींत त्यास कांहीं जागा दिली. तेथें त्यानें पुनः भट्टी मांडली, व ज्या डब्यांनीं इंग्रजांनीं त्यास मागें टाकिलें होतें, ते डबे करण्यास तो स्वतः शिकला. मोठ्या डब्यांत मोठमोठीं मांसाचीं खांडें टिकविण्यांत त्यानें यश मिळविलें. रश्श्याच्या सुक्या वड्या केल्या. हाडांपासून सरस काढण्याची निराळी रीति बसविली. आणि बंद भांड्यांत वाफ कोंडून उष्णता वाढविण्याच्या यंत्राचाही उपयोग केला. १८२२ सालीं उद्योगोत्तेजक मंडळीनें त्यास मानवजातीचा उपकारकर्ता ही पदवी दिली. पदवी थोर होती; परंतु तिनें कढईखालचें सर्पण येत नव्हतें. पुढें ती जागाही त्यास सोडावी लागली. १८३१ सालीं, वयाचीं ऐंशी वर्षें उलटल्यावर, त्यानें आपल्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ति काढिली. अखेरीस उद्योग वारसांच्या स्वाधीन करून, अल्पशा निवृत्तिवेतनावर तो मासी येथें येऊन राहिला. तेथेंच ता. १ जून १८४१ रोजीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. स्वतंत्र थडग्यापुरताही पैसा मागें नव्हता. गरिबांच्या सामाईक खड्ड्यांत त्याचा देह ठेवण्यांत आला. शंभराहून अधिक वर्षांनीं, १९५५ सालीं, फ्रान्स सरकारनें त्याच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें.

आतां त्याच्या शोधाचें शास्त्रीय रहस्य पाहूं. कारण तें न समजतां ही कृति घरीं केल्यास लाभाऐवजीं घात होण्याचा संभव आहे. आपेरला आपली रीति यशस्वी कां होते हें पुरें सांगतां येत नव्हतें. विस्तवाची उष्णता व हवेचा प्रतिबंध या दोहोंवर सर्व अवलंबून आहे, इतकें तो अनुभवानें जाणत होता. १८१० सालीं प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅक यानें त्याच्या बाटल्यांतील हवा तपासली. तींत प्राणवायु आढळला नाहीं. यावरून प्राणवायु हेंच नासण्याचें कारण होय, असा त्यानें निष्कर्ष काढिला. पंडिताचा शब्द म्हणून पन्नास वर्षें लोकांनीं तो मानिला. इ. स. १८६० नंतर लुई पाश्चर यानें सप्रयोग दाखविलें कीं, अन्न नासतें तें डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळें. उष्णता त्यांस मारते, आणि घट्ट बूच नव्या जंतूंस आंत येऊं देत नाहीं. मद्य तापवून टिकविण्याची युक्ति आपणापूर्वीं आपेरनें केली होती, हें पाश्चरनें आपल्या १८६६ च्या ग्रंथांत मोकळेपणानें मान्य केलें आहे. थोरांचें थोरपण अशा ठिकाणीं दिसून येतें.

आज आपल्या घरीं जी फिरकीच्या झांकणाची बरणी येते, ती अमेरिकेंतील जॉन लँडिस मेसन यानें १८५८ सालीं पेटंट घेतलेल्या बरणीची वंशज होय. जर्मनींत योहान वेक याच्या नांवाची, रबरी कड्याची कांचेची बरणी १९०० नंतर घरोघरीं पसरली. या बरण्यांत पोकळी कशी उत्पन्न होते, हें पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. बरणी उकळत असतां आंतील हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ होते, आणि दोन्ही मिळून झांकणाच्या कडेनें बाहेर निसटतात. बरणी निवूं लागली कीं वाफेचें पुनः पाणी होतें, व आंतील दाब बाहेरच्यापेक्षां पुष्कळ कमी होतो. बाहेरची हवा दर चौरस इंचास सुमारें १५ पौंड या जोरानें सर्व वस्तूंवर दाबत असते. ती झांकणास खालीं रेटून घट्ट बसविते. म्हणूनच नव्या बरणीचें झांकण मध्यभागीं किंचित् खोलगट दिसतें, व उघडतांना हवा आंत शिरल्याचा आवाज होतो.

आतां तर घरच्या घरीं बरणींतील हवा पंपानें शोषून घेणारीं लहान यंत्रेंही मिळतात, आणि हवा काढली म्हणजे अन्न टिकलेंच, असा पुष्कळांचा समज झाला आहे. हा समज गे-ल्यूसॅकच्याच चुकीचा नवा अवतार होय. पोकळी ही दारावरील कुलपासारखी आहे. घरांत शिरलेला चोर बाहेर न काढतां दाराला कुलूप घातलें, तर चोर निर्धास्त होतो! १८९५ सालीं बेल्जम देशांत एल्झेल या गांवीं मिठाच्या पाण्यांत ठेविलेलें डुकराचें मांस खाऊन कांहीं वादक आजारी पडले व त्यांपैकीं तिघे मेले. एमील व्हान एर्मेन्गेम या शास्त्रज्ञानें त्या मांसांतून एक जंतु शोधून काढिला. त्यास आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. हा जंतु हवा नसेल तेथेंच वाढतो व अत्यंत जहाल विष उत्पन्न करितो. विष असूनही अन्नाचा वास व चव पालटेलच असें नाहीं. त्याचीं बीजें उघड्या भांड्यांतील उकळत्या पाण्यानें मरत नाहींत. त्यांस मारण्यास वाफेच्या दाबाखालीं सुमारें ११६ ते १२१ अंश उष्णता द्यावी लागते. आंबट पदार्थांत मात्र तीं रुजत नाहींत. आपेरचे वाटाणे केवळ उकळत्या पाण्यांतून काढलेले असत. आजच्या ज्ञानानें ती रीति वाटाण्याला पुरेशी नाहीं. पुढें त्याचा वारस शेव्हालिए यानें १८५२ सालीं दाब मोजण्याचें साधन लाविलेलें वाफेचें भांडें सिद्ध करून ही उणीव पुष्कळ अंशीं भरून काढिली. त्याच वर्षीं इंग्रजी आरमाराच्या तपासणींत मांसाचे असंख्य डबे सडलेले निघाले होते. डबे इतके मोठे केलेले होते कीं, उष्णता मध्यापर्यंत पोंचलीच नव्हती. आपेरनें प्रत्येक पदार्थाला व भांड्याला वेगळा वेळ कां ठरविला, हें यावरून कळेल.

तेव्हां घरीं ही कला वापरणारांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. फळांचे मुरांबे, जॅम, आंबट फळांचे तुकडे हे पदार्थ उकळत्या पाण्याच्या रीतीनें टिकवितां येतात. बरणीची कड कोठें टवका उडालेली नसावी. बरणी स्वच्छ धुवून गरम असतांनाच गरम पदार्थ भरावा. वर पाव ते अर्धा इंच जागा रिकामी ठेवावी. कड पुसून नवें झांकण लावावें. आणि बरणीवर एक इंच पाणी राहील अशी ती बुडवून, त्या पदार्थासाठीं परीक्षेनें ठरलेला वेळ उकळावी. नंतर ती एक दिवस न हलवितां निवूं द्यावी. दुसऱ्या दिवशीं झांकण बोटानें दाबल्यास खालींवर होत असेल, तर बरणी बंद झाली नाहीं असें समजून पदार्थ थंड पेटींत ठेवावा व लवकर संपवावा. भाज्या, कडधान्यें, दूध, मासे, मांस यांस केवळ उकळणें पुरत नाहीं. त्यांसाठीं दाबाचें खास यंत्र व प्रमाण वेळापत्रक असल्यावांचून हा खटाटोप करूं नये. हवा शोषणारें यंत्र कोरड्या जिनसांस चांगलें. सुका मेवा, कॉफी, मसाले यांचा वास टिकतो व ते लवकर खवट होत नाहींत. ओला पदार्थ मात्र हवा काढली तरी थंड पेटींतच ठेविला पाहिजे. आणि ज्या डब्याचें किंवा बरणीचें झांकण फुगलें असेल, अथवा उघडतांच फेंस उसळेल, तिच्यांतील पदार्थ जिभेलाही लावूं नये.

आज रत्नागिरीच्या हापूस आंब्याचा रस डब्यांत बंद होऊन सातासमुद्रांपलीकडे जातो, पूरग्रस्तांच्या छावणींत व हिमालयांतील पहाऱ्यावर बंद डब्यांतलें अन्न पोंचतें, आजारी मुलाला अवेळीं फळांचा रस मिळतो. हें सर्व ज्या झाडाचें फळ, त्याचें बीज एका मिठाईवाल्यानें लाविलें, आणि त्याभोंवतीं कुंपण घालण्याचा अधिकार असूनही घातलें नाहीं. कुंपण घातलें असतें तर आपेर कदाचित् श्रीमंत होऊन मेला असता, आणि त्याचें पुस्तक सर्व कुटुंबांचें न राहतां एकाच कुटुंबाच्या पेटींत पडून राहिलें असतें. त्यानें बाटलीचें बूच जन्मभर घट्ट आंवळलें, परंतु आपली विद्या मात्र उघडी ठेविली. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें कारखान्यांत जातील, कोणी प्रयोगशाळेंत, कोणी स्वयंपाकघरांत. त्यांस जें उपयोगाचें ज्ञान लाभेल, तें त्यांनीं आपेरप्रमाणें कसोटीला लावून घ्यावें, आणि त्याच्याचप्रमाणें शेजाऱ्यास शिकवावें.